एका दालनांतला ऑर्फियस

इ. स. १६०७ च्या फेब्रुवारी महिन्याची २४ तारीख. उत्तर इटलींतील सरोवरांनीं वेढलेल्या मांतुआ नगरींत कार्निव्हालचे, म्हणजे उपवासाच्या पर्वापूर्वींच्या मौजेचे, शेवटचे दिवस चालू होते. ड्यूक व्हिंचेन्झो गोंझागा याच्या राजवाड्यांत शेंकडों दालनें. त्यांपैकीं एक दालन ड्यूकची विधवा बहीण मार्गेरिता हिच्याकडे असलेल्या महालांतलें. तेथें त्या सायंकाळीं निवडक मंडळी जमली होती. आदल्या दिवशीं कार्लो मान्यो नांवाच्या एका दरबारी गृहस्थानें रोम येथील आपल्या भावास पत्र लिहिलें, त्यांत या समारंभाची बातमी आहे. उद्यांच्या नाटकांत सगळीं पात्रें आपलीं भाषणें गाऊन म्हणणार आहेत, ही गोष्ट त्याला फार विलक्षण वाटली. जागेअभावीं प्रवेश नाकारला गेला नाहीं, तर केवळ कुतूहलानेंच आपण तेथें जाणार आहों, असें त्यानें कळविलें.

नाटकाचें नांव ‘ऑर्फियस’. काव्य दरबारच्या सेवेंतील आलेस्सान्द्रो स्त्रिज्जो याचें आणि संगीत दरबारचा गायनाचार्य क्लॉडिओ मॉन्तेव्हर्दी याचें. युरोपांतील ऑपेराचा, म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत गाइल्या जाणाऱ्या नाटकाचा, इतिहास सांगतांना या सायंकाळचा उल्लेख कोणासहि टाळतां येत नाहीं. त्यापूर्वीं झालेल्या अशा प्रयोगांना आज मुख्यतः इतिहासाच्या पुस्तकांत जागा आहे. ‘ऑर्फियस’ मात्र अजूनहि जगांतील रंगमंदिरांत गाइला जातो. परंतु त्या दिवशीं तेथें रंगमंदिर नव्हतें, पैसे देऊन आलेला प्रेक्षकवर्गहि नव्हता. ती एक खासगी मैफल होती.

इटालियन लोक संगीताची वांटणी त्याच्या स्थानावरून करीत: देवालयाचें संगीत, रंगभूमीचें संगीत आणि दालनाचें संगीत. दालनाचें संगीत म्हणजे थोड्या गायकवादकांनीं थोड्या जाणत्या श्रोत्यांसमोर सादर करावयाचें, ज्यांत गायकाचा निःश्वासहि शेवटच्या रांगेपर्यंत पोंचावा असें संगीत. मांतुआच्या दरबारीं याचा मोठा शोक होता. पुढें इ. स. १६११ मध्यें लिहिलेल्या एका पत्रांत मॉन्तेव्हर्दी सांगतो कीं, राजवाड्यांतील आरसेमहालांत दर शुक्रवारीं सायंकाळीं गाणें होतें, आणि मागच्या शुक्रवारीं दरबारी स्त्रीपुरुषांखेरीज शहरांतील शंभरावर गृहस्थ आल्यामुळें पुढच्या वेळीं दाराशीं पहारेकरी ठेवावे लागतील. अशा रसिक दरबारांत, अशाच एका दालनांत, एका ग्रीक प्रेमकथेनें स्वरांचें रूप घेतलें.

कथा फार जुनी आहे. थ्रेस देशाचा ऑर्फियस हा गायक असा कीं, त्याच्या वीणेचे स्वर ऐकून श्वापदें शांत होत आणि वृक्ष आपली जागा सोडून जवळ येत. युरिडिसी या वनकन्येशीं त्याचें लग्न झालें. पण लग्नाचा आनंद ओसरण्यापूर्वींच गवतांतील सर्पाचा दंश होऊन ती मरण पावली. ऑर्फियस वीणा घेऊन जिवंतपणीं मृत्युलोकांत उतरला. त्याच्या गाण्यानें तेथील राजाराणीचें मन द्रवलें आणि युरिडिसीस परत नेण्याची अनुज्ञा मिळाली. अट एकच होती: वर उजेडांत पोंचेपर्यंत मागें वळून तिच्याकडे पाहावयाचें नाहीं. तो पुढें, ती मागें, अशीं दोघें निघालीं. वाट संपत आली, आणि त्यानें मागें पाहिलें. ती पुन्हां गेली, आणि या वेळीं कायमची.

सावित्रीची कथा ज्यांच्या घरीं वडाच्या पूजेबरोबर दरवर्षीं सांगितली जाते, त्यांना येथला फरक तत्काळ जाणवेल. सावित्री यमाच्या मागून निर्धारानें चालते आणि आपल्या वाणीच्या बळावर पतीचे प्राण सोडवून आणते. ऑर्फियस मृत्यूला जिंकतो, आणि परततांना स्वतःच्या एका दृष्टिक्षेपानें सर्व गमावतो. एक कथा निष्ठेच्या विजयाची आहे, दुसरी एका दुबळ्या क्षणाची. म्हणूनच ग्रीक कथेनें प्रत्येक पिढीपुढें एक प्रश्न ठेवला आहे: त्यानें मागें कां पाहिलें, आणि पाहिलें म्हणून त्याला दोष द्यावा काय?

प्राचीनांनीं याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. प्लेटोच्या प्रेमविषयक संवादांतील एक वक्ता ऑर्फियसाला सरळ भित्रा ठरवितो. पतीसाठीं स्वतः मरण पत्करणाऱ्या अल्सेस्टिसचें धैर्य या वीणा वाजविणाऱ्या मनुष्यापाशीं नव्हतें. त्याला मरावयाचें नव्हतें, जिवंत राहूनच प्रिया हवी होती, म्हणून देवांनीं त्याला तिची नुसती छाया दाखवून परत पाठविलें, असा त्या वक्त्याचा अभिप्राय आहे. रोमन कवि व्हर्जिल याला तो क्षण वेडाचा वाटतो, पण क्षमा करण्याजोगा वाटतो. अडचण इतकीच कीं, मृत्युलोकाला क्षमा ठाऊक नाहीं. ओव्हिडनें रंगविलेली युरिडिसी दुसऱ्यांदा मरतांना पतीला बोल लावीत नाहीं. आपल्यावर त्याचें प्रेम होतें, याखेरीज तक्रार करण्यासारखें तिला कांहीं सांपडत नाहीं. कठोर न्याय आणि करुणा हे दोन पक्ष असे दोन हजार वर्षांपूर्वींच पडले होते. मांतुआच्या दालनांत ते दोन्ही पुन्हां समोरासमोर आले.

पण हीच कथा तेथें कां निवडली गेली हें समजण्यासाठीं थोडें मागें, फ्लॉरेन्स नगरींत, गेलें पाहिजे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें काउंट जोव्हान्नी बार्दी यांच्या घरीं विद्वानांची व संगीतज्ञांची एक मंडळी जमत असे. तिला पुढें ‘कामेराता’ हें नांव पडलें. त्यांच्यांत व्हिंचेन्झो गालिलेई हा वीणावादक होता. जगप्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ हा त्याचाच मुलगा. इ. स. १५८१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें तत्कालीन संगीतावर कडक टीका केली. चार-पांच गायक एकाच वेळीं निरनिराळ्या चालींत निरनिराळे शब्द गातात, स्वरांची वीण सुंदर होते, पण शब्दांचा अर्थ बुडून जातो आणि कोणाचें मन हलत नाहीं, हा त्याचा आक्षेप. प्राचीन ग्रीकांचें संगीत मनुष्याला रडवी, चेतवी, शांत करी, असें ग्रंथांत वाचावयास मिळे. तें सामर्थ्य परत आणावयाचें तर एका कंठानें, थोड्या साथीवर, बोलण्याच्या जवळ जाईल असें गाइलें पाहिजे, असा निष्कर्ष या मंडळींनीं काढला.

या विचारांतूनच गाऊन करावयाच्या नाटकांचा जन्म झाला. आतां एक व्यावहारिक शंका उभी राहिली. बाजारांत किंवा सभेंत मनुष्यें गात गात बोलत नाहींत. मग रंगमंचावर त्यांनीं सतत गाइलेलें पाहून लोक हंसणार नाहींत काय? यावर उपाय असा कीं, ज्याचा स्वभावच गाण्याचा आहे असा नायक घ्यावा. पहिला प्रयोग इ. स. १५९८ च्या सुमारास झाला, तो संगीताचा देव अपोलो आणि त्याला झिडकारणारी डाफ्नी यांच्या कथेवर. दुसरा, इ. स. १६०० च्या ६ ऑक्टोबरला फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यांत, मारिया मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहानिमित्त. याकोपो पेरी याचें संगीत, रिनुच्चिनीचें काव्य आणि विषय ऑर्फियसाचाच. मात्र लग्नघरीं अशुभ नको म्हणून रिनुच्चिनीनें मागें न पाहण्याची अटच गाळून टाकली, आणि पतिपत्नींना सुखरूप घरीं आणलें. त्या समारंभास मांतुआचा ड्यूक हजर होता. फ्लॉरेन्सनें जें केलें त्याहून सरस कांहीं आपल्या घरीं व्हावें, ही ईर्षा तेथूनच सुरू झाली असल्यास नवल नाहीं.

मॉन्तेव्हर्दी त्या वेळीं चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. क्रेमोना गांवच्या एका वैद्यकी करणाऱ्या गृहस्थाच्या घरीं इ. स. १५६७ मध्यें तो जन्मला. इ. स. १५९० च्या सुमारास तो मांतुआच्या दरबारीं तंतुवादक म्हणून लागला आणि इ. स. १६०१ मध्यें गायनाचार्य झाला. इ. स. १५९९ मध्यें त्यानें दरबारांतील क्लॉडिया या गायिकेशीं विवाह केला होता. जुन्या पद्धतीचे पंडित त्याच्यावर रुष्ट होते. आर्तुसी नांवाच्या एका शास्त्रज्ञानें इ. स. १६०० मध्यें त्याच्या रचनांतील विसंवादी स्वरांवर छापील हल्ला चढविला. त्याला मॉन्तेव्हर्दीच्या बाजूनें दिलेल्या उत्तराचें सार असें होतें कीं, काव्यांतील अर्थ ही स्वामिनी आहे आणि स्वररचना तिची दासी. दुःखाच्या जागीं स्वर दुखावले गेलेच पाहिजेत.

नाटकाचा पुरस्कर्ता होता ड्यूकचा वडील मुलगा फ्रान्चेस्को. इ. स. १५६२ मध्यें स्थापन झालेली एक विद्वत्सभा मांतुआंत होती. तिच्या इटालियन नांवाचा अर्थ ‘अनुरक्तांची सभा’ असा. प्रेमाच्या कथेला याहून योग्य यजमान मिळणें कठीण. या सभेसमोर खेळ करावयाचें ठरलें. फ्रान्चेस्कोनें पिसा येथें असलेल्या आपल्या भावाला पत्रामागून पत्रें लिहून तोस्कानाच्या दरबारांतील एक गायक उसना मागविला. बालपणींच शस्त्रक्रिया करून ज्यांचा कोंवळा आवाज कायम राखला जाई, अशांपैकीं हा माल्यी नांवाचा गायक. तो फेब्रुवारीच्या मध्यास पोंचला, तेव्हां त्याला फक्त नांदी पाठ होती! उरलेले आठ-नऊ दिवस त्याला शिकविण्यांत गेले. युरिडिसीची भूमिका एका लहानखोर पाद्री गायकानें केली. स्त्रीभूमिका पुरुषांनीं करण्याची ही चाल मराठी रंगभूमीच्या रसिकांना अपरिचित वाटणार नाहीं. प्रयोगाच्या वेळीं प्रत्येकाच्या हातीं असावें म्हणून काव्य आधींच छापून घेतलें होतें. गाइलेला प्रत्येक शब्द श्रोत्याला कळलाच पाहिजे, हा आग्रह यांत दिसतो.

खेळास आरंभ होतो शिंगांच्या आणि कर्ण्यांच्या घोषानें. तो तीन वेळां वाजतो, आणि मग नांदीसाठीं येते स्वतः संगीतदेवता. अस्वस्थ मनाला शांत करण्याचें आणि थंड मनाला पेटविण्याचें आपलें सामर्थ्य ती वर्णन करते, आणि गाणें चालू असतां पक्ष्यांनीं, लाटांनीं व वाऱ्यांनींहि स्तब्ध राहावें अशी आज्ञा करते. पहिला अंक सगळा लग्नाच्या आनंदाचा. दुसऱ्या अंकांत मेंढपाळ गात असतात, ऑर्फियस आपल्या जुन्या दुःखांची थट्टा करीत असतो, आणि त्या हर्षाच्या मध्यावर एक दूती ओरडत येते. तिच्या पहिल्या शब्दाबरोबर साथीचें वाद्य बदलतें. तेजस्वी तारांचे नाद थांबतात आणि लांकडी नळ्यांच्या ऑर्गनचा मंद, शोकाकुल आवाज सुरू होतो. मेंढपाळ अजून आपल्याच सुरांत तिला प्रश्न विचारतात. ती दुसऱ्याच सुरांत उत्तर देते. एकाच ठिकाणीं उभीं असलेलीं माणसें दोन निराळ्या जगांत गेलीं आहेत, हें कानाला कळतें. युरिडिसी गेल्याचें ऐकल्यावर ऑर्फियसाच्या तोंडून प्रथम एक हुंकार निघतो, मग बराच वेळ तो कांहींच बोलत नाहीं. एवढा मोठा गायक, आणि त्याला सूर सांपडत नाहीं! नंतर जे थोडे स्वर येतात ते जवळजवळ बोलल्यासारखे. मृत्युलोकाच्या उल्लेखाशीं ते खोल उतरतात, ताऱ्यांच्या उल्लेखाशीं वर चढतात.

तिसऱ्या अंकांत आशा नांवाचें पात्र त्याला मृत्युलोकाच्या दारापर्यंत आणून सोडतें. दारावर लिहिलेलें असतें कीं, आंत येणाऱ्यानें आशा बाहेर ठेवावी. तेव्हां आशा त्याचा निरोप घेते. दान्तेच्या महाकाव्याशीं परिचित असलेल्या त्या श्रोत्यांना हा संकेत लगेच उमगला असेल. येथून वाद्यांचा सर्व रंग पालटतो. तारांचीं वाद्यें मागें सरतात, पितळी शिंगें आणि रीगल नांवाची कर्कश, घोगऱ्या आवाजाची लहान भात्याची पेटी वाजूं लागते. नदीवरील नावाडी केरॉन वाट अडवितो. त्याला वश करण्यासाठीं ऑर्फियस जें गीत गातो, तें या नाटकांतील कलाकुसरीचें शिखर. कधीं दोन व्हायोलिनें, कधीं लांकडी शिंगांची जोडी, कधीं हार्प, अशीं वाद्यें गायकाशीं संवाद करतात. छापील प्रतींत या गीताच्या गायनाच्या पंक्ति दोन दिल्या आहेत: एक साधी, दुसरी तानांनीं आणि मुरक्यांनीं गच्च भरलेली. त्या काळचा गायक साध्या स्वरांवर केवढा साज चढवीत असे, याचा हा बहुमोल पुरावा आहे.

आणि याचा परिणाम काय होतो? केरॉनला गाणें आवडतें, पण दया येत नाहीं. तो झोंपीं जातो, आणि ऑर्फियस त्याची नाव घेऊन पलीकडे जातो. या प्रसंगांत किंचित् विनोद आहे, पण एक मार्मिक सत्यहि आहे. कौशल्यानें दगडाला डुलकी येईल, पाझर फुटणार नाहीं. पाझर फुटतो तो पलीकडे, राणी प्रोसर्पिनाला. तिच्या मनांत त्या विलापानें स्वतःच्या प्रेमाची आठवण जागी होते, आणि ती पतीजवळ ऑर्फियसासाठीं रदबदली करते. मग प्लूटो अनुज्ञा देतो आणि अट घालतो.

परतीच्या वाटेवर ऑर्फियस आनंदानें गात निघतो. खालच्या स्वरांची चाल पावलांसारखी अखंड पडत असते. मग त्याच्या मनांत शंका येते: ती खरोखरच मागें आहे ना? मागें गलका होतो. यमदूतींनीं तिला हिरावून तर नेलें नाहीं? तो वळतो. पावलांचे स्वर थांबतात. क्षणभर तिचे डोळे दिसतात, आणि मग अंधार. युरिडिसीच्या वांट्याला निरोपाच्या मोजक्या ओळी येतात. अंकाच्या अखेरीस मृत्युलोकांतील आत्म्यांचें वृंदगान येतें, आणि त्याचा निवाडा प्लेटोच्या वक्त्यासारखाच कठोर आहे: ऑर्फियसानें पाताळ जिंकलें, पण तो स्वतःच्या विकारांकडून हरला, कीर्ति त्यालाच, जो स्वतःला जिंकतो.

दरबारासाठीं लिहिलेल्या नाटकांत असा उपदेश शोभणाराच होता. परंतु त्या दालनांत जें ऐकूं आलें तें या उपदेशाहून वेगळें होतें. मॉन्तेव्हर्दीनें आपल्या कलेचें सर्वस्व ओतलें आहे तें ऑर्फियसाच्या विलापावर, त्याच्या स्तब्धतेवर, त्याच्या शंकेवर, म्हणजे नेमकें त्याच्या दुबळेपणावर. शब्द त्याला दोषी ठरवितात, आणि स्वर त्याच्या बाजूनें उभे राहतात. हेंच या मैफलीचें खरें मर्म आहे.

शेवटाविषयींहि असाच द्वैतभाव दिसतो. इ. स. १६०७ मध्यें छापलेल्या काव्यांत ऑर्फियस स्त्रीजातीचा धिक्कार करतो, आणि त्यावर चिडलेल्या मद्यदेवाच्या उन्मत्त उपासिका येतात व तो पळ काढतो. दोन वर्षांनीं व्हेनिसमध्यें छापलेल्या स्वरलिपींत मात्र अपोलो आकाशांतून उतरून आपल्या पुत्राला स्वर्गांत नेतो. तेथें सूर्यांत आणि ताऱ्यांत त्याला युरिडिसीचें रूप दिसत राहील, असें आश्वासन देतो. या दोन्ही शेवटांत एक गोष्ट समान आहे. युरिडिसी परत येत नाहीं. फ्लॉरेन्सच्या लग्नांत झालेली सुखद तडजोड मांतुआच्या कवीनें व संगीतकारानें एकदांहि केली नाहीं.

खेळ सर्वांना पसंत पडला. ड्यूकच्या आज्ञेवरून १ मार्चला तो पुन्हां करण्यांत आला, या वेळीं शहरांतील स्त्रियांसाठीं. परंतु मॉन्तेव्हर्दीच्या घरीं या यशाचा आनंद फार दिवस टिकावयाचा नव्हता. क्लॉडिया आजारी होती. त्याच वर्षीं १० सप्टेंबरला क्रेमोना येथें सासऱ्यांच्या घरीं ती वारली. मागें दोन मुलगे राहिले, एक सहा वर्षांचा, दुसरा तीन वर्षांचा. ज्यानें सहा महिन्यांपूर्वीं पत्नीवियोगाचा विलाप रचून श्रोत्यांना हेलावून सोडलें, त्याच्यावर तोच प्रसंग आला. ऑर्फियसाला जाण्यासाठीं निदान पाताळाची वाट होती.

दोन आठवडे होतात न होतात तोंच दरबारांतून पत्र आलें. राजपुत्र फ्रान्चेस्कोचें लग्न व्हावयाचें होतें. मनुष्याला या लोकीं मिळूं शकेल अशी मोठी कीर्ति मिळविण्याची वेळ आली आहे, तरी त्वरित यावें, असा मजकूर. तो गेला. या वेळचा विषयहि ग्रीक प्रेमकथेचाच: थीसियसानें बेटावर टाकून दिलेली अरिआद्नी. ही भूमिका करावयाची होती ती कातेरिना मार्तिनेल्ली ही तरुण गायिका पूर्वीं मॉन्तेव्हर्दीच्याच घरीं राहून शिकलेली. इ. स. १६०८ च्या मार्चमध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, ती देवीच्या रोगानें दगावली. दुसऱ्या नटीनें थोड्या दिवसांत भूमिका उचलली आणि २८ मेला प्रयोग झाला. अरिआद्नीचा विलाप ऐकून अश्रु न ढाळलेली एकहि स्त्री सभेंत नव्हती, असें दरबारच्या वृत्तांतकारानें लिहून ठेवलें आहे.

अश्रूंचें मोल दरबारानें काय दिलें, हें मॉन्तेव्हर्दीच्या पत्रांवरून कळतें. अतिश्रमानें प्रकृति ढासळली, मांतुआची दमट हवा सोसेना, पगार वेळेवर मिळेना. इ. स. १६१२ मध्यें ड्यूक व्हिंचेन्झो वारला आणि फ्रान्चेस्को गादीवर आला. ज्या राजपुत्राच्या पुरस्कारानें ‘ऑर्फियस’ झाला, त्यानेंच त्या वर्षीं जुलैमध्यें मॉन्तेव्हर्दीला सेवेंतून काढलें. एकवीस वर्षांच्या चाकरीनंतर आपण पंचवीस स्कूदी खिशांत घेऊन बाहेर पडलों, असें त्यानें पुढें लिहिलें. फ्रान्चेस्को स्वतः त्याच डिसेंबरांत वारला. मॉन्तेव्हर्दीला मात्र इ. स. १६१३ च्या ऑगस्टमध्यें व्हेनिसच्या सेंट मार्क देवालयांत मानाची जागा मिळाली. पुढें मांतुआनें पुन्हां बोलावणें पाठविलें तेव्हां त्यानें नकार दिला. स्वतःच्या हक्काचा पैसा मागण्यासाठीं खजिनदाराच्या दारीं तिष्ठत राहण्याइतकी मानहानि दुसरी नाहीं, हें त्याच्या नकाराचें एक कारण होतें. तें पत्र त्यानें लिहिलें स्त्रिज्जोलाच. दरबार सुटला, तरी आपल्या कवीशीं त्याचा स्नेह सुटला नव्हता.

याच स्त्रिज्जोला इ. स. १६१६ च्या डिसेंबरांत लिहिलेलें एक पत्र विशेष महत्त्वाचें आहे. मांतुआहून एक नवें काव्य स्वरबद्ध करण्यासाठीं आलें होतें. त्यांत वारे आणि जलदेवता पात्रें म्हणून बोलत होत्या. मॉन्तेव्हर्दीनें विचारलें कीं, वारे बोलतच नाहींत, तर त्यांच्या बोलण्याचें अनुकरण आपण कसें करावें, आणि त्यांच्याकरवीं कोणाचें मन हलवावें? अरिआद्नीनें लोकांना हेलावलें, कारण ती स्त्री होती. ऑर्फियसानें हेलावलें, कारण तो मनुष्य होता, वारा नव्हता. प्राचीन काळापासून चाललेल्या वादाला मिळालेलें हें संगीतकाराचें उत्तर आहे. ऑर्फियसानें मागें पाहिलें, कारण तो मनुष्य होता. त्यानें पाहिलें नसतें तर त्याचें गाणें कोणाच्याहि हृदयापर्यंत पोंचलें नसतें.

मांतुआचें वैभव पुढें लयास गेलें. इ. स. १६३० च्या जुलैमध्यें बादशाही फौजांनीं शहर लुटलें. राजवाडा उघडा पडला, आणि त्याबरोबर पुष्कळ हस्तलिखितें नष्ट झालीं. स्त्रिज्जो त्याच वर्षीं व्हेनिसमध्यें प्लेगला बळी पडला. ‘अरिआद्नी’ची सर्व स्वरलिपि हरवली आहे, उरला आहे तो तिचा विलाप, आणि तो मॉन्तेव्हर्दीनें वेगळा छापला म्हणून. ‘ऑर्फियस’ वांचला तोहि छापखान्यामुळेंच. इ. स. १६०९ मध्यें, आणि पुन्हां १६१५ मध्यें, त्याची स्वरलिपि व्हेनिसच्या आमादिनो या मुद्रकानें प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीच्या अर्पणपत्रिकेंत मॉन्तेव्हर्दी म्हणतो कीं, अरुंद रंगमंचावर झालेला हा खेळ आतां विश्वाच्या विशाल रंगभूमीवर येत आहे. तें वाक्य त्या काळच्या रीतीचें, शिष्टाचाराचें. पण तें खरें ठरावयाचें होतें.

तें खरें ठरण्यास मात्र फार काळ लागला. मॉन्तेव्हर्दी इ. स. १६४३ च्या २९ नोव्हेंबरला वारला, आणि थोड्याच काळांत त्याचें नांवहि मागें पडलें. ‘ऑर्फियस’ ग्रंथालयांतून निजून राहिला. इ. स. १८८१ मध्यें रॉबर्ट आइट्नर या जर्मन संशोधकानें त्याची स्वरलिपि पुन्हां छापली. इ. स. १९०४ मध्यें पॅरिस येथें व्हॅन्सां दँदी या संगीतकारानें ती मैफलीच्या रूपानें श्रोत्यांसमोर आणली, आणि इ. स. १९११ मध्यें त्याच नगरींत ती पुन्हां रंगमंचावर आली. एका दालनांत जन्मलेलें गाणें सुमारें तीन शतकांच्या अंधारांतून वर आलें.

पाताळाचा नियम असा होता कीं, मागें पाहणाऱ्याच्या हातून प्रिय वस्तु निसटते. इतिहासाचा नियम याच्या उलट आहे. तेथें कोणीतरी मागें वळून पाहिलें, तरच गेलेलें परत येतें. युरिडिसी आली नाहीं, क्लॉडिया आली नाहीं. त्यांच्यासाठीं रडणारा स्वर मात्र आला, आणि आजहि तो ऐकतांना सभागृहांतील श्रोते त्या मांतुआच्या दालनांतल्यासारखेच श्वास रोखून बसतात.